गाडीच्या स्टिरिओत इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी: दोष शोधण्यासाठी मदत हवी

पहाटवारा (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या पेट्रोल गाडीत तीन महिन्यांपूर्वी नवे हेड युनिट (डॅशबोर्डमधला मुख्य स्टिरिओ), डिकीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आणि एक सबवूफर बसवून घेतला. हेड युनिटपासून अ‍ॅम्पपर्यंत आरसीए केबलची (गाण्याचा सिग्नल नेणारी केबल) एकच जोडी गेलेली असून अ‍ॅम्पवरील स्विचने तोच सिग्नल चारही चॅनेलना दिलेला आहे. पहिल्या दोन चॅनेलवर पुढचे स्पीकर आणि उरलेल्या दोनांवर ब्रिज करून (दोन्ही एकत्र जोडून) सबवूफर, अशी मांडणी आहे.

तक्रार अशी की इंजिन सुरू झाल्याबरोबर पुढच्या दोन्ही स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून गाणी लावली, तर शिट्टीचा मागमूसही नसतो. सबवूफरमधून ती कधीच येत नाही. हेडलाइट आणि ब्लोअर लावले की ती ठळक होते. पण व्हॉल्यूम अगदी शून्यावर आणला तरी तिच्यात तसूभरही फरक पडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे ती इतकी क्षीण होती की मुद्दाम कान देऊन ऐकावी लागे. मग एके दिवशी लांबच्या प्रवासात, मोठ्या आवाजात गाणी चालू असताना ती एकाएकी वाढली आणि तेव्हापासून तशीच आहे.

ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांनी आधी हेड युनिटच्या पॉवरच्या तारेवर नॉइज फिल्टर लावला, त्याचा काहीच उपयोग झाला नाही. नंतर आरसीए केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन उपकरणांचे ग्राउंड एकमेकांपासून तोडणारी ट्रान्सफॉर्मरची डबी) लावला. त्याने शिट्टी जवळजवळ गेली, पण तिच्याबरोबर गाण्यातला जीवही गेला. बेस नाहीसा झाला आणि गायकाचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा खूप मागे गेला, म्हणून तो काढून टाकला. आता अल्टरनेटर बदला असा सल्ला मिळाला आहे. एवढा खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे मला समजून घ्यायचे आहे. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो.

तांब्याची तार

आपण लक्षणे इतक्या बारकाईने लिहिली आहेत की निम्मे काम तिथेच झाले आहे. अल्टरनेटरला कृपया एवढ्यात हात लावू नका.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा सूर अल्टरनेटरचाच असतो, हे खरे. अल्टरनेटरच्या आत तीन फेजची एसी वीज तयार होते आणि सहा डायोड तिचे डीसीमध्ये रूपांतर करतात. परंतु ही डीसी पूर्ण सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. रोटरला बारा पोल असतील तर त्याच्या एका फेऱ्यात अशा ३६ लहरी येतात. पुलीच्या आकारामुळे अल्टरनेटर इंजिनाच्या साधारण अडीच ते तीन पट वेगाने फिरतो. म्हणजे इंजिन ८०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर २४०० आरपीएमने, सेकंदाला ४० फेरे, फिरत असेल तर सूर १४४० हर्ट्झचा लागतो आणि इंजिन २००० वर नेले की तोच ३६०० हर्ट्झवर पोहोचतो. कान सर्वाधिक तीक्ष्ण असतात ते याच्याच आसपास. सबवूफरला मात्र लो-पास फिल्टरमुळे ८०-१०० हर्ट्झच्या वरचे फारसे काही मिळतच नाही, म्हणून तो गप्प आहे.

पण सूर अल्टरनेटरचा म्हणून दोषही अल्टरनेटरचा, असे होत नाही. या लहरी प्रत्येक गाडीत असतात. आपल्याला शोधायचे आहे ते त्या सिग्नलमध्ये शिरतात कुठून, हे. खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. डीसीवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. नंतर एसीच्या रेंजवर पाहा. शंभर-दीडशे मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही, अर्ध्या व्होल्टकडे झुकत असेल तर एखादा डायोड गेल्याचा संशय घ्यावा. काही स्वस्त मीटर डीसी वीज असतानाही एसीच्या रेंजवर भलताच आकडा दाखवतात. प्रोब उलटसुलट करून पाहा आणि आकडा बदलला तर त्या मोजणीवर विसंबू नका.

आता आपण दिलेला सर्वांत मोलाचा धागा: व्हॉल्यूम शून्यावर असतानाही शिट्टी तेवढीच राहते. याचा अर्थ ती व्हॉल्यूमच्या नियंत्रणानंतर, म्हणजे हेड युनिटचे आउटपुट, आरसीए केबल किंवा अ‍ॅम्प यांपैकी कुठेतरी शिरते आहे. आता हा पट्टा मधोमध कापायचा. दोन जुने आरसीए प्लग घ्या आणि प्रत्येकाची मधली पिन व बाहेरची कडी एकमेकींना तारेच्या तुकड्याने जोडून टाका. सिस्टीम पूर्ण बंद करा, अ‍ॅम्पमधून आरसीए केबल काढा, तिच्या जागी हे दोन प्लग बसवा आणि मग इंजिन सुरू करा. शिट्टी तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्पमध्ये, त्याच्या पुरवठ्यात किंवा स्पीकरच्या तारांमध्ये आहे. पूर्ण शांतता झाली तर ती आरसीएच्या वाटेने येते आहे. सिस्टीम बंद करण्याचे मी मुद्दाम सांगतो आहे. चालू सिस्टीममध्ये आरसीए कधीही काढू-घालू नये, कारण या प्लगची मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर.

चौथा गिअर

माझ्या मते बॅटरी ते अ‍ॅम्प आणि अल्टरनेटर ते बॅटरी या तारा जाड केल्या, तसेच इंजिन ब्लॉक ते बॉडी ही अर्थची तार नवी घातली, तर प्रश्न सुटेल. माझ्या गाडीत मोठ्या बेसला हेडलाइट मिचकत होते, ते या बदलाने थांबले. अ‍ॅम्पजवळ मोठा कपॅसिटर लावल्यास लहरीही कमी होतील.

तांब्याची तार

हेडलाइट मिचकणे हा पुरवठ्याचा व्होल्टेज खाली बसण्याचा प्रश्न आहे आणि त्यावर जाड तारा हा योग्य उपाय आहे. पहाटवारा यांचा प्रश्न वेगळा आहे. अ‍ॅम्पचा पुरवठा शंभर टक्के स्वच्छ केला तरी आरसीएच्या शील्डमधून (मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) नको तो करंट वाहत असेल, तर शिट्टी राहणारच. आधी त्यांच्या चाचणीचा निकाल येऊ द्या, मग तारांकडे वळू.

कानसेन

ज्यांचा आवाज वेगळ्या जातीचा आहे त्यांच्यासाठी थोडे लिहितो. प्रवेगाबरोबर वाढणारी टिकटिक किंवा तडतड असेल तर ती इग्निशनची. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७ ठिणग्या पडतात आणि ३००० ला १००, म्हणून ही टिकटिक वेग वाढला की घरघरीत बदलते. रेझिस्टर नसलेले स्पार्क प्लग किंवा चिरलेल्या प्लग केबल हे तिचे नेहमीचे कारण. डिझेल गाडीत ठिणगीच नसते, त्यामुळे तिथे या दिशेने शोधण्यात अर्थ नाही. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण येऊन थांबत असेल तर ती फ्युएल पंपाची असते आणि ब्लोअरचा वेग बदलताच सूर बदलत असेल तर ब्लोअरच्या मोटरची.

पहाटवारा

चाचण्या केल्या. बॅटरीवर इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट मिळाले आणि एसीच्या रेंजवर ०.०४, प्रोब उलटे करूनही तेवढेच. शॉर्ट केलेले प्लग अ‍ॅम्पमध्ये घातल्यावर पूर्ण शांतता झाली. इंजिन ३००० पर्यंत नेऊन आणि कान ट्विटरला (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला) लावून ऐकले, तरी काही नाही. म्हणजे अल्टरनेटर आणि अ‍ॅम्प दोन्ही सुटले, असे समजू ना?

एक कबूल करायचे आहे. आयसोलेटर घालताना आणि काढताना सिस्टीम चालूच होती.

तांब्याची तार

होय, दोन्ही सुटले. आता अ‍ॅम्पचा ग्राउंड, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली त्याची निगेटिव्ह तार, पाहू या.

आरसीएवर पूर्ण जोरात गाणे वाजताना २ ते ४ व्होल्ट सिग्नल असतो, पण हळू आवाजात तो काही मिलिव्होल्टच असतो. दुसरीकडे अ‍ॅम्प १५ अँपिअर ओढत असेल आणि त्याच्या ग्राउंडच्या जोडणीत ०.०२ ओहम एवढा नगण्य वाटणारा रेझिस्टन्स असेल, तरी अ‍ॅम्पचा ग्राउंड बॉडीपासून ०.३ व्होल्ट वर उचलला जातो. हेड युनिटचा ग्राउंड मात्र जिथल्या तिथे असतो. दोन ग्राउंडमधला हा फरक आरसीएच्या शील्डवर पडतो आणि त्यात मिसळलेल्या अल्टरनेटरच्या लहरी अ‍ॅम्पला सिग्नलसारख्याच दिसतात.

हे ०.०२ ओहम साध्या मीटरच्या ओहम रेंजवर दिसणार नाहीत, कारण मीटरच्या प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून व्होल्टेज मोजा. इंजिन चालू, ब्लोअर आणि हेडलाइट चालू, गाणी मोठ्या आवाजात, अशा स्थितीत मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर आणि दुसरा लांब तार जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर लावा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा हवा.

जोडणी उघडावी लागली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बॉडीचा पत्रा रंग, प्रायमर सगळे काढून धातू चकचकीत दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, नटबोल्ट घट्ट आवळा आणि मग गंज धरू नये म्हणून वरून व्हॅसलिन किंवा रंग लावा. सीट बेल्टचा बोल्ट या कामासाठी कोणत्याही परिस्थितीत वापरू नका. तो जिवाच्या संरक्षणासाठी ठरावीक ताकदीने आवळलेला असतो.

चौथा गिअर

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या गाडीत फोन ऑक्स केबलने जोडून गाणी ऐकतो. फोन चार्जिंगला लावला की घरघर सुरू होते आणि चार्जर काढला की थांबते. हासुद्धा याच जातीचा प्रश्न आहे का?

रेडिओवेडा

अगदी याच जातीचा. फोनचा ग्राउंड एकदा चार्जरमधून बॉडीला मिळतो आणि दुसऱ्यांदा ऑक्स केबलच्या शील्डमधून हेड युनिटला, त्यामुळे वेटोळे पूर्ण होते. फोन पॉवर बँकेवर चार्ज करून पाहा. घरघर गेली तर निदान पक्के. अशा ठिकाणी चांगल्या प्रतीचा आयसोलेटर लावायला माझी हरकत नाही, कारण चार्जरचा ग्राउंड आपण बदलू शकत नाही. ब्लूटूथने ऐकल्यास तर प्रश्नच उरत नाही. घरघर फोन येण्याच्या आधी क्षणभर तुटक तुटक येत असेल, तर मात्र तो लूप नव्हे. टूजी फोन दर ४.६ मिलिसेकंदांनी प्रक्षेपण करतो, त्याची ती २१७ हर्ट्झची घरघर असते आणि फोन केबलपासून दूर ठेवला की ती जाते.

पहाटवारा

०.३१ व्होल्ट! आकडा पाहून मी तसाच मीटरकडे पाहत राहिलो.

डिकीच्या बाजूचे आवरण काढल्यावर कारण डोळ्यांसमोर आले. ग्राउंडच्या तारेचा लग (टोकाची धातूची कडी) प्लॅस्टिकचे आवरण धरून ठेवणाऱ्या पातळ स्क्रूखाली अडकवलेला होता. लग बाजूला केल्यावर खाली पत्र्याचा रंग जसाच्या तसा होता. धातूचा स्पर्श फक्त स्क्रूच्या आट्यांशी होत होता आणि भोकाभोवती नखाएवढ्या जागेत रंग तपकिरी पडून फुगला होता. लगच्या आतल्या कडेलाही तसाच करपलेला डाग होता. म्हणजे तीन महिने अ‍ॅम्पचा सगळा करंट त्या चार आट्यांमधून जात होता.

जवळच जाड पत्र्यावर नवीन जागा निवडली, मागे तार, टाकी किंवा पाइप नाही याची खात्री करून भोक पाडले आणि आपण सांगितल्याप्रमाणे जोडणी केली. त्याच स्थितीत पुन्हा मोजले तेव्हा ०.०३ व्होल्ट मिळाले.

परंतु शिट्टी पूर्ण गेलेली नाही. ती निम्म्याहून कमी झाली आहे आणि ब्लोअर लावल्यावर आता वाढत नाही, पण काचा बंद करून हळू आवाजात ऐकताना स्पष्ट जाणवते. आरसीए केबल डाव्या उंबरठ्यातून आणि पॉवरची तार उजव्या उंबरठ्यातून गेली आहे, हेही आवरणे उचलून पाहिले. आता काय उरले?

तांब्याची तार

आरसीएची दुसरी केबल वरच्यावर, सीटवरून टाकून पाहा. शील्ड तुटलेले असेल तर फरक पडेल. हेड युनिटचा ग्राउंडही कारखान्याच्या हार्नेसवर (गाडीतल्या मूळ तारांच्या जुडग्यावर) न ठेवता तात्पुरता थेट बॉडीवर घेऊन बघा.

रेडिओवेडा

मला पहिल्याच लेखातली दोन वाक्ये राहून राहून आठवत होती. एक, शिट्टी एकाएकी वाढली. दुसरे, आयसोलेटर लावल्यावर बेस गेला आणि गायक मागे गेला. स्वस्त आयसोलेटरमुळे बेस थोडा पातळ होतो हे मान्य, कारण त्यातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला खालचे सूर पेलत नाहीत. पण गायकाचा आवाज मागे जाण्याचे ते कारण नव्हे.

बऱ्याच हेड युनिटमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कडीचा ग्राउंड सर्किट बोर्डावरील तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्यूजमधून किंवा अगदी बारीक ट्रॅकमधून जातो. अ‍ॅम्पचा मुख्य ग्राउंड कच्चा असला की त्याचा मोठा करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे आरसीएचे शील्ड. मोठ्या आवाजात गाणी चालू असताना तो फ्यूज उडाला असावा, असा माझा अंदाज आहे. चालू सिस्टीममध्ये आरसीए काढल्या-घातल्यानेही तो उडतो.

फ्यूज उडाल्यावर गाणी बंद पडत नाहीत, म्हणूनच हा दोष लवकर सापडत नाही. सिग्नलची परतीची वाट शील्डऐवजी अ‍ॅम्पच्या ग्राउंडमधून आणि गाडीच्या पत्र्यातून सुरू राहते आणि पत्र्यावरचा सगळा गोंगाट तिच्यात मिसळतो. आयसोलेटर लावल्यावर मात्र ती वाटही तुटते. मग डावा आणि उजवा चॅनेल एकमेकांमधूनच परत जातात आणि स्पीकरला फक्त त्या दोघांमधला फरक मिळतो. गायकाचा आवाज आणि बेस दोन्ही चॅनेलमध्ये सारखेच असतात, त्यामुळे फरक काढल्यावर नेमके तेच नाहीसे होतात. आपण वर्णन केलेला आवाज हुबेहूब हाच आहे.

तपासणी सोपी आहे. सिस्टीम बंद करा, हेड युनिट बाहेर ओढा, त्याच्या मागून आरसीए केबल काढा. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब हेड युनिटच्या धातूच्या पेटीवर आणि दुसरा आरसीए आउटपुटच्या बाहेरच्या कडीवर लावा. मीटरने बीप द्यायला हवा.

पहाटवारा

बीप आला नाही. ओहमच्या रेंजवरही सर्किट उघडेच दिसले.

मग दोन्ही आरसीएच्या कड्यांभोवती उघड्या तांब्याच्या तारेचा एकेक वेढा दिला आणि तिचे दुसरे टोक हेड युनिटच्या मागच्या स्क्रूखाली दाबून, सगळे जोडून इंजिन सुरू केले. पहिल्यांदा वाटले की अ‍ॅम्पच सुरू झाला नाही, म्हणून व्हॉल्यूम वाढवला, तर गाणे नेहमीच्या जोराने सुरू झाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा दोन गाण्यांमधली शांतता ऐकली. रेडिओवेडा, आपण त्या दोन वाक्यांची सांगड घातली नसती तर मी पुन्हा आयसोलेटरकडेच वळलो असतो. मनापासून आभार.

ही तार कायमची ठेवावी की फ्यूज बदलावा?

रेडिओवेडा

शक्यतो फ्यूज बदलून घ्या. तार ठेवल्याने आवाज स्वच्छ राहील, पण पुढे कधी अ‍ॅम्पचा ग्राउंड सैल झाला तर तोच मोठा करंट आरसीएच्या शील्डमधून थेट हेड युनिटमध्ये येईल आणि त्याला अडवणारे काही नसेल. बारीक सोल्डरिंग करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाला हे काम जड नाही. अ‍ॅम्पचा ग्राउंड आपण आधीच पक्का केला आहे, म्हणून नवा फ्यूज टिकेल. तो न करता नुसता फ्यूज बदलला असता, तर पुन्हा उडाला असता.

पहाटवारा

फ्यूज बदलून आणला आणि तात्पुरती तार काढली. शिट्टी परत आलेली नाही. मीटर लावून पुन्हा पाहिले तेव्हा कडी आणि पेटी यांच्यात बीप मिळाला आणि अ‍ॅम्पच्या ग्राउंडवर तेच ०.०३ व्होल्ट.

आता सगळे शांत झाल्यामुळे एक नवीन गोष्ट ऐकू येते. इंजिन चालू असो वा बंद, ट्विटरमधून सतत एकसारखी मंद ‘स्सऽऽ’ येते.

तांब्याची तार

ती गेनची. अ‍ॅम्पवरचा गेन हा व्हॉल्यूम नसून इनपुटची संवेदनशीलता असते आणि बसवताना तो बहुधा कमाल ठेवला जातो. गेन अगदी खाली आणा, हेड युनिट कमाल व्हॉल्यूमच्या सुमारे तीन चतुर्थांशावर ठेवा आणि ओळखीचे गाणे लावून गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटू लागेल तिथून किंचित मागे घ्या.

पहाटवारा

गेन खरोखरच शेवटच्या टोकाला होता. आता तो एक तृतीयांशावर आहे, आवाज पूर्वीइतकाच मोठा मिळतो आणि ‘स्सऽऽ’ ऐकण्यासाठी कान ट्विटरला टेकवावा लागतो.